निवेदक खोटं बोलतोय हे वाचकाला कळवायचं कसं? आणि किती लवकर?

निळी_शाई
दिवाळी अंकासाठी साडेतीन हजार शब्दांची कथा लिहितेय. प्रथमपुरुषी आहे. निवेदक म्हणजे मामा, साठीचा, गावच्या घरात राहणारा. वडिलोपार्जित जमीन त्याच्या एकट्याच्या नावावर कशी झाली हे तो भाच्याला, म्हणजे वारलेल्या ताईच्या मुलाला, सांगतोय. त्याचं पालुपद एकच, "ताईनं आपणहून सोडलं." प्रत्यक्षात ताईला काय सोडतोय याचा पत्ताच नव्हता. वाचकाला हे हळूहळू उमगावं, भाच्याला मात्र शेवटपर्यंत कळू नये, असं हवंय.
मसुदा दोघांना वाचायला दिला. एकजण म्हणाला, "किती प्रेमळ मामा!" दुसरीने दुसऱ्याच परिच्छेदात ओळखलं आणि पुढे कंटाळली.
तर प्रश्न असे: खुणा किती पेराव्यात आणि कुठे? निवेदकाने धडधडीत खोटं बोललेलं चालतं की फक्त लपवायचं? आणि भाच्याला न कळता वाचकाला कळतं, याला नाट्यात्म उपरोध म्हणायचं का?

सुपारीफोड
एकाला प्रेमळ वाटला, एकीला चोर. म्हणजे मामा उत्तम जमलाय. :)

मोडीवाला
शेवटचा प्रश्न आधी घेतो. होय, तो नाट्यात्म उपरोधच. पण दोन गोष्टी एकत्र आल्यात त्या सुट्या करा. उपरोधात वाचकाला पात्रापेक्षा जास्त माहीत असतं. बेभरवशाच्या निवेदकात ते 'जास्त' वाचकाला कोणी देत नाही, सांगणाऱ्याच्या सांगण्यातूनच त्याला उपसून काढावं लागतं.
उपरोधाचा आपल्याकडचा सगळ्यात नेटका नमुना शाकुंतलाच्या चौथ्या अंकात आहे. दुर्वासाचा शाप अनसूया-प्रियंवदा ऐकतात, प्रेक्षक ऐकतो, शकुंतला ऐकत नाही. मैत्रिणी ठरवतात की तिला सांगायचं नाही, ती नाजूक आहे. निरोपाच्या वेळी एवढंच म्हणतात, राजाने ओळखायला वेळ लावला तर अंगठी दाखव. ती दचकते, त्या वेळ मारून नेतात. पाचव्या अंकात ती अंगठी दाखवायला बोट पुढे करते तेव्हा प्रेक्षकाच्या पोटात खड्डा पडतो. किर्लोस्करांनी १८८० मध्ये हे मराठी रंगभूमीवर आणलं तेव्हाही गोष्ट सगळ्यांना पाठ होती. गोष्ट माहीत असल्याने ताण कमी होत नाही, तिथूनच तो सुरू होतो.
कारागिरीचा मुद्दा हा, की गप्प राहणाऱ्याला गप्प राहण्याचं कारण लागतं. मैत्रिणींना ते आहे. तुमच्या कथेत खरं माहीत असलेलं दुसरं कोण आहे? असेल तर ते भाच्याला का सांगत नाही?

चकली_भाजणी
मालिकांत कारण लागत नाही. दाराआडून ऐकायचं, पदर तोंडात धरायचा आणि २०० भाग गप्प बसायचं.

सुपारीफोड
हहपुवा (हसून हसून पुरेवाट). आणि सांगायला तोंड उघडलं की नेमका दुधाचा टोप उतू जातो.

मोडीवाला
हसू नका, नियम तिथेही तोच आहे, फक्त मोडलेला. 'एक फोन केला असता तर गोष्ट संपली असती' असं वाचकाला वाटलं की उपरोध मेला. आता प्रत्येकाच्या खिशात फोन आहे म्हटल्यावर हे आणखी अवघड. रेंज नव्हती, बॅटरी संपली ही कारणं एकदाच चालतात. लाज, मिंधेपण, मुलीचं जमत आलेलं लग्न ही कारणं कथाभर पुरतात.

अनुस्वार
'अविश्वसनीय निवेदक' न म्हणता 'बेभरवशाचा' म्हटल्याबद्दल मोडीवाल्यांना एक नारळ. अविश्वसनीय म्हणजे क्रिकेटच्या समालोचनातला झेल. वेन बूथ या अमेरिकी समीक्षकाने १९६१ मध्ये ही संज्ञा मांडली तेव्हा त्याचा रोख निवेदकाची मूल्यं आणि कलाकृतीमागची मूल्यं यांतल्या अंतरावर होता. नुसता खोटारडेपणा त्यात येत नाही. खोटं न बोलताही निवेदक बेभरवशाचा असू शकतो. लहान मूल घ्या. "बाबा काकूच्या खोलीत दिवा लावायला गेले, लाइट होती तरी." मूल शंभर टक्के खरं बोलतंय.

घोंगडी
खुणा म्हटलं की सगळे वस्तूंच्या मागे लागतात. रक्ताचा डाग, फाटलेलं पत्र. मराठीत त्याआधी व्याकरणाकडे बघा, तिथे फुकटात माल आहे.
मी कप फोडला.
माझ्या हातून कप फुटला.
कप फुटला.
घटना एकच. पहिल्यात माणूस उभा आहे, दुसऱ्यात तो दाराशी गेलाय, तिसऱ्यात घरातच नाही. आता मामाची सही बघा. "मी ताईची सही घेतली", "ताईनं सही केली", "सह्या झाल्या." मामा इतर सगळं "मी केलं, मी आणलं, मी पैसे भरले" असं छातीठोक सांगणारा माणूस ठेवा आणि फक्त त्या एका जागी "सह्या झाल्या" म्हणू द्या. हुशार वाचकाच्या कानाला तिथे खडा लागतो. पण आजूबाजूला 'मी'ची रास नसेल तर तो खडा दिसणारच नाही, हेही तितकंच खरं.
आणखी काही:
'म्हणे'. जे स्वतः पाहिलंय त्याला मामाने 'म्हणे' लावलं की तो अंग काढून घेतोय.
'आम्ही' आणि 'आपण'. "आपण काय ताईला परकं मानलं का?" या 'आपण'मध्ये भाचाही बांधला गेला. आरोपाच्या जागी 'आपण', श्रेयाच्या जागी 'मी'.
'च'. "ताईनंच सांगितलं." एकदा 'च' आला तर ठीक. त्याच वाक्यात तीनदा आला तर त्या जागी कुणीतरी बोट ठेवलेलं आहे.
आणि न विचारलेला नकार. "मी काही तिला घाई केली नाही." कोणी म्हटलं होतं केलीस म्हणून?
एवढं सगळं एका कथेत कोंबू नका. दोन घ्या.

तिरकी_रेघ
वाखूसा (वाचनखूण साठवली). प्रतिसाद धाग्यापेक्षा मोठा झाला आणि बराही.
रच्याकने (रस्त्याच्या कडेने, म्हणजे जाता जाता), प्रथमपुरुषात निवेदक बाई की पुरुष हे लपवता येतं का? इंग्रजीत सोपं आहे.

घोंगडी
थोडा वेळ येतं. सकर्मक भूतकाळात क्रियापद कर्माला बांधलेलं असतं, "मी पत्र लिहिलं, दार लावलं, दिवा मालवला." लिंग कळत नाही. भविष्यकाळ "मी जाईन" आणि रीतिवाचक "मी जात असे" हेही सुरक्षित. पण "मी बसलो", "मी जाते", "मी जायचो" म्हणताच पितळ उघडं. म्हणजे येणं-जाणं, उठणं-बसणं, हसणं-रडणं टाळत लिहायचं. दोन पानं जमतं, मग निवेदक लकवा झाल्यासारखा वाटायला लागतो.

चकली_भाजणी
कोल्हापूरची नायिका घ्या. ती "मी आलो" म्हणते. प्रश्न मिटला.

पाटावरचा_विंचू
सगळे खुणांचा हिशेब मांडताहेत. मला यात यांत्रिकपणा दिसतो. आधी ठरवा, मामा खोटं बोलतोय की स्वतःलाच फसवतोय? दोघांची भाषा वेगळी असते.
खोटं बोलणाऱ्याला खरं माहीत असतं. त्याची गोष्ट गुळगुळीत असते, तारखा चोख, क्रम पक्का, कुठे विचारलं तरी तेच उत्तर. त्याला पकडायचं तर बाहेरचा पुरावा लागतो, दुसऱ्याचं बोलणं, कागद.
स्वतःला फसवणाऱ्याची गोष्ट गुळगुळीत नसते. तो कारणं देतो, एकाच कृतीला तीन तीन. "ताईला शेतीची आवड नव्हती, शिवाय जावयांनी कधी लक्ष घातलं नाही, आणि आईचं मीच केलं ना?" खरं कारण असतं तेव्हा एक पुरतं. त्याला पकडायला बाहेरचं काही लागत नाही.
नवख्या कथांत होतं काय, पहिल्या पानावर मामा स्वतःला फसवणारा आणि शेवटच्या पानावर कसलेला लबाड. मग वाचकाला वाटतं पात्र नाही, लेखकच थापा मारतोय.

निळी_शाई
@पाटावरचा_विंचू, माझी नेमकी हीच गडबड झालीय. मामा स्वतःला फसवणारा हवाय. मसुद्यात मात्र तो कोऱ्या कागदावर ताईच्या सह्या घेतो आणि नंतर वर हक्कसोडपत्र टाइप करून घेतो. हे लबाडाचं काम.

उतारा_आठ_अ
थांबा. कोऱ्या कागदावरची सही चालणारच नाही. हक्कसोडपत्राची दुय्यम निबंधकाकडे नोंदणी करावी लागते. सोडून देणाऱ्या व्यक्तीने तिथे हजर राहायचं, तिचा फोटो निघतो, अंगठा घेतात, दस्त मान्य आहे का हे विचारतात, ओळख पटवणारे दोघे लागतात. कुलमुखत्यारपत्र असेल तर वेगळं, पण मग कथेत ते आधी आणावं लागेल. दिवाळी अंकाचा निम्मा वाचक कधी ना कधी त्या कार्यालयाच्या बाकड्यावर बसलेला असतो. तो चौथ्या ओळीला मामाला सोडेल आणि तुम्हाला धरेल.
पुढचंही सांगतो. दस्त झाला की फेरफार, म्हणजे मालकीतल्या बदलाची नोंद, धरला जातो, हितसंबंधितांना नोटीस निघते, हरकतीला १५ दिवस असतात, मग मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतात, तेव्हा सातबारावर बदल दिसतो. म्हणजे ताईला कळायच्या दोन संधी आहेत, नोंदणीच्या दिवशी आणि नोटिशीच्या वेळी. दोन्ही बुजवाव्या लागतील.

तिरकी_रेघ
झाली कथेची हक्कसोड.

घोंगडी
उलट आहे. उतारासाहेबांनी कथा वाचवली. ताई स्वतः हजर राहिली, फोटो काढला, अंगठा दिला, "मान्य आहे" म्हणाली. सगळं कायदेशीर. फक्त तिला वाटलं ही वडिलांच्या मागची वारस नोंद आहे. आणि तिने वाचलं का नाही? चष्मा नव्हता.

पाटावरचा_विंचू
आणि चष्मा का नव्हता? कारण मामाने "हरवू नये म्हणून" कपाटात ठेवला. हे तो स्वतः सांगेल, कौतुकाने सांगेल. स्वतःला फसवणारा माणूस पुरावा लपवत नाही, काळजी म्हणून मिरवतो. आता कोरा कागद फेकून द्या.

उतारा_आठ_अ
नोटिशीचंही जमतंय. दस्तात ताईचा पत्ता गावचाच लिहायचा. मामाचं वाक्य असं, "माहेर ते माहेर, पत्ता काय बदलतो होय?" ज्याला कळायचं त्याला कळेल. ज्याला नाही त्याच्या डोळ्यात पाणी येईल.

सुपारीफोड
दोन वाचकांपैकी पहिला तोच.

अनुस्वार
आता पेरणी. चष्मा एकटा आणू नका. वाक्यात एकटी आलेली वस्तू बंदुकीसारखी दिसते. तीन वस्तूंच्या यादीत मधली ठेवा. "ताईची औषधाची डबी, चष्मा, तिकिटाचं पाकीट, सगळं मी निगुतीनं कपाटात ठेवलं." यादीतली पहिली लक्षात राहते, शेवटची लक्षात राहते, मधली घरंगळते. आणि लगेच पुढच्या वाक्यात जोरदार काहीतरी हवं, म्हशीने दावं तोडलं, शेजारी भांडण पेटलं. वाचकाचं लक्ष तिकडे गेलं की खूण जमिनीत गेली.
साडेतीन हजार शब्दांत मी तीन खुणा धरेन. पहिली पहिल्या चारशे शब्दांत, निरागस. दुसरी मध्यावर, पहिलीला घासणारी, कार्यालयात ताई म्हणते "वाच रे जरा मोठ्यानं" आणि मामा वाचतो, पण काय वाचतो ते कथेत येत नाही. तिसरी सातशे-आठशे शब्द उरले असताना, आणि ती मामाच्या तोंडून नको. भाचा सहज म्हणतो, "आई तर शेवटपर्यंत म्हणायची, तुमच्या मामाकडे माझं पोतंभर तांदूळ दरवर्षी जमा आहे." तो हसतो. वाचक हसत नाही.
तुमच्या दुसऱ्या वाचिकेने दुसऱ्या परिच्छेदात ओळखलं, तिथे काय लिहिलंय?

निळी_शाई
"लोक काहीही बोलोत, मी ताईचं एक ढेकूळही लाटलेलं नाही."

चकली_भाजणी
अगं बाई.

घोंगडी
न विचारलेला नकार, तोही पहिल्या पानावर, वर 'लाटणे' हा आरोपाचाच शब्द. मामाच्या कोशात तो शब्द असूच शकत नाही. त्याच्यासाठी ते 'सांभाळणं' आहे. सगळ्या कथेत 'जमीन घेतली' नको. 'सांभाळली', 'राखली', 'अंगावर घेतली'.

मोडीवाला
दुसऱ्या प्रश्नाचं राहिलं. धडधडीत खोटं चालतं का? रहस्यकथेत जुना दंडक असा की निवेदकाने गाळावं, पण खोटं विधान करू नये. अगाथा ख्रिस्तीच्या १९२६ च्या रॉजर अ‍ॅक्रॉइडच्या कादंबरीत निवेदक डॉक्टर दोन वेळा नोंदवतो. नऊला वीस कमी असताना पत्रं आली, नऊला दहा कमी असताना तो खोलीबाहेर पडला. मधली दहा मिनिटं कोरी. एकही वाक्य खोटं नाही आणि खून त्या दहा मिनिटांत झालाय.

तिरकी_रेघ
अहो, खुनी सांगून टाकलात!

मोडीवाला
शंभर वर्षं होत आली. आता सुतक फिटलं.
तर गाळणं चालतं, पण भोक वाचकाला मागे वळून सापडलं पाहिजे. ख्रिस्तीने दोन्ही घड्याळं लिहिली म्हणून ते प्रामाणिक. वेळा लिहिल्याच नसत्या तर ती फसवणूक झाली असती.
हीच युक्ती कार्यालयाच्या प्रसंगात वापरा. "अकराला नंबर लागला, पाच मिनिटांत बाहेर." दस्त किती पानांचा ते आधी कुठेतरी येऊ द्या. पाच मिनिटांत तेवढी पानं मोठ्याने वाचून होत नाहीत, हे वाचकाला सांगू नका.

पाटावरचा_विंचू
हे रहस्यकथेत ठीक. पण मामाला हा दंडक लावू नका. स्वतःला फसवणारा खोटं विधान करू शकतो, कारण त्याच्यापुरतं ते खरंच आहे. "ताईला सगळं ठाऊक होतं" हे तो बिनदिक्कत म्हणेल. वाचक चिडणार नाही, कारण तो निकाल शोधत नसून माणूस ओळखत असतो.

मोडीवाला
असहमत. साडेतीन हजार शब्दांत माणूस ओळखायला जागा कमी, वाचक विधानांवरच उभा राहतो. तरी 'ठाऊक होतं' असं सपाट म्हणण्यापेक्षा "ताईला काय ठाऊक नव्हतं होय?" असा प्रश्न करा. प्रश्न खोटा ठरत नाही.

पाटावरचा_विंचू
प्रश्नाची आयडिया घेतली. बाकी असहमती कायम.

दुपारची_झोप
खांडेकरांच्या ययातीत (१९५९) ययाति, देवयानी, शर्मिष्ठा तिघेही 'मी' म्हणून बोलतात. ते बेभरवशाचे धरायचे का?

अनुस्वार
मी त्यांना पक्षपाती म्हणेन. प्रत्येकजण आपल्या जागेवरून खरं बोलतो आणि एकाचं झाकलेलं दुसऱ्याच्या बोलण्यात उघडं पडतं. मृत्युंजयमध्येही (१९६७) कर्ण, कुंती, शोण, दुर्योधन, वृषाली, कृष्ण असे बोलणारे आहेत. तिथे तर वाचक पहिल्या ओळीपासून जाणतो की कर्ण कोणाचा मुलगा. कर्ण जाणत नाही. सूतपुत्र म्हणून प्रत्येक अपमान वाचकाला दुप्पट लागतो तो त्यामुळे. अनेक निवेदक असले की खुणा पेरायचं काम निम्म्यावर येतं. निळी शाईकडे एकच मामा आहे, म्हणून कष्ट जास्त.

चकली_भाजणी
मला संशयकल्लोळ आठवतं. एक तसबीर चुकीच्या हातात जाते आणि फाल्गुनराव-कृत्तिका दोघंही आपापल्या परीने बिनचूक तर्क लढवतात. प्रेक्षकाला खरं माहीत. तोच उपरोध, पण हसवणारा. फरक कशाने पडतो?

मोडीवाला
किंमत किती मोजावी लागते याने. गैरसमज फिटला की संशयकल्लोळात सगळं पूर्ववत होतं. ताईचं पूर्ववत होणार नाही, ती गेलेली आहे. म्हणजे मामाच्या काही वाक्यांना वाचक आधी हसला तरी हरकत नाही. पत्त्याचं वाक्य तसंच आहे.

उतारा_आठ_अ
मसुदा पुन्हा वाचायला द्याल तेव्हा "आवडली का?" विचारू नका. "ताईने सही का केली?" एवढंच विचारा, आणि पहिल्यांदा संशय आला त्या ओळीखाली पेन्सिलीने रेघ मारायला सांगा. पाच जणांना द्या. पाचही रेघा पहिल्या पानावर आल्या तर खूण मोठी. एकही नाही आली तर पुरलेली खूण कुजली. आधी वाचलेल्या दोघांना मात्र देऊ नका, त्यांना आता मामा माहीत झालाय.

निळी_शाई
सगळ्यांचे आभार. पहिलं पान नव्याने लिहिलं. त्यातला तुकडा:

"ताई आली ती रात्रीच्या गाडीनं. पाय सुजलेले. मीच पाणी तापवलं, मीच तिला जेवायला वाढलं. औषधाची डबी, चष्मा, तिकिटाचं पाकीट, सगळं निगुतीनं कपाटात ठेवलं. तेवढ्यात गोठ्यात गलका झाला, बघतो तर चंद्रीनं दावं तोडलेलं. मग काय झोप! सकाळी लवकर निघायचं होतं. तालुक्याला अकराला नंबर लागला. सह्या झाल्या. येताना मीच ताईला रसवंतीत घेऊन गेलो. दोन ग्लास प्यायली. म्हणाली, तुझ्यामुळं सुटले बघ एकदाची."

घोंगडी
"सुटले" झकास. ती प्रवासातून म्हणतेय की जमिनीतून, ते मामाने ठरवून टाकलंय. 'मीच' तीन झालेत, वाढण्यातला काढा. आणि "निगुतीनं" अनुस्वारचा आहे, तुमच्या मामाचा शब्द शोधा.

पाटावरचा_विंचू
रस प्यायला नेलं हे त्याला आठवतं, किती पानांवर सह्या झाल्या हे नाही. तिथे काही जोडू नका.

उतारा_आठ_अ
फोटो आणि अंगठा राहिला. "फोटोत ताई छान आली" एवढं टाका. चष्म्याशिवायचा चेहरा आहे तो.

निळी_शाई
अंगावर काटा आला. टाकते. शीर्षक 'हक्कसोड' ठेवलंय, कसं वाटतं?

सुपारीफोड
शीर्षकातच सातबारा वाचून दाखवलात की! 'रसवंती' ठेवा.

अनुस्वार
रसवंतीला +१. आणि फोटोचं वाक्य सह्यांच्या आधी नको, रसाच्या नंतर ठेवा.